चंपतरावांचं अडीच फुटी पाऊल

१९६६ च्या नोव्हेंबरात, देवलापारच्या मुक्कामावर, वसंताने एक टेकडी चालत येताना पाहिली. नागपूरच्या भूशास्त्राच्या सरकारी कचेरीत रुजू होऊन त्याला चारच दिवस झाले होते, पण टेकड्या चालत नाहीत एवढं तो कॉलेजात नक्की शिकला होता. टेकडीच्या माथ्यावर स्टोव्ह होता, स्टोव्हखाली तंबू, तंबूखाली दगडांची दोन पोती आणि त्या सगळ्याखाली मिशा. मिशांना धरून एक माणूसही आहे, हे टेकडी अगदी जवळ आल्यावर कळलं.

माणसाने ओझं उतरवलं नाही. आधी नागपूरच्या रामदासपेठेत वाढलेल्या या नव्या साहेबाचे बूट न्याहाळले.

"साहेब, हे बूट पायात घालाले आनले का कपाटात ठेवाले?"

"चालायला आणलेत."

"मंग कठीन हाय जी. आमचा डोंगर असे बूट चहासंगं खाते."

हे चंपतराव. दफ्तरातला हुद्दा खलाशी. समुद्र शेकडो मैलांवर असला तरी मोजणी खात्यात सामान वाहणाऱ्याला खलाशीच म्हणतात. पावसाळ्यात ते काटोलकडच्या आपल्या गावी रुखमाबाईंच्या हाताखाली शेतात राबत आणि दिवाळी झाली की सुटका झाल्यासारखे डोंगरात पळत.

सामान वाहणं हे त्यांचं फुटकळ काम. खरं काम पायांचं. सातपुड्याचा तो काठ म्हणजे थरांची चळत. तळाशी पट्ट्यापट्ट्यांचा जुना कणखर खडक, त्यावर संगमरवर, त्यावर अभ्रकाचा चकचकीत खडक, मधूनमधून मँगनीजची काळी रेघ. आणि ही सगळी चळत कुणी घाईत गोधडी कोंबावी तशी मुडपलेली. कुठला थर कुणावर चढलाय हे ठरवायचं तर प्रत्येक पट्टा किती रुंद आहे ते हवं. काटेरी झुडपांत फीत अडकायची, म्हणून चंपतराव चालायचे. त्यांचं एक पाऊल म्हणजे अडीच फूट. दर ऑक्टोबरात कचेरीच्या मैदानात शंभर फुटांची फीत पसरून परीक्षा व्हायची. चंपतराव चाळीस पावलांत पार. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही.

पाच हंगाम वसंत त्यांच्या मागून चालला. त्यांनी त्याला खडक जिभेने ओळखायला शिकवलं, हातोडीचा आवाज ऐकायला शिकवलं आणि बूट दोनदा शिवून दिले. १९७१ च्या ऑक्टोबरात मैदानात उभं राहून वसंताने फीत उलगडलीच नाही. चंपतरावांची परीक्षा घेणं म्हणजे सख्ख्या काकाला रेशनकार्ड दाखवा म्हणण्यासारखं त्याला वाटलं.

"चंपतराव, तुमची आता कसली परीक्षा?"

चंपतराव काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि पोतं उचललं.

त्या हंगामात नवलच घडलं. संगमरवराचा पट्टा पूर्वेकडे रुंदावत चालला. साठ पावलं, मग सहासष्ट, त्र्याहत्तर, ऐंशी! वसंत हरखला. एक अख्खा थर सरकून स्वतःवरच चढलाय, म्हणून पट्टा रुंद होत चाललाय, असा शोध त्याला लागला. स्वयंपाकी नत्थूला समजावताना त्याने पोळीवर पोळी चढवून दाखवली. नत्थूला थर समजले नाहीत, पण सात पोळ्या कमी पडल्याचं समजलं. नागपूरच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना चौदा पानी पत्र गेलं.

जानेवारीत मोठे साहेब जीपमधून उतरले ते पोलादी फीत घेऊनच. झुडपं तोडून ऐंशी पावलांचा पट्टा मोजला. एकशे बावन्न फूट. पुन्हा मोजला. एकशे बावन्न. साठ पावलांचा मोजला, तो एकशे पन्नास. पट्टा सगळीकडे तेवढाच होता.

"चालून दाखवा," साहेब म्हणाले.

चंपतराव चालले. ऐंशी पावलं पडली.

"पँट वर करा."

उजवा गुडघा कवठाएवढा झाला होता. त्यावर तेल लावून शेकलेली रुईची पानं बांधलेली. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ते घसरले होते; हंगामभर चालून गुडघा सुजत गेला, तसं पाऊल आखूड होत गेलं. साहेब जीपकडे गेले.

"काहून नाही सांगितलं, चंपतराव?" वसंताने विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी मले घरी बसवलं असतं."

"बसवलंच असतं."

"मंग?" चंपतराव फडकं पुन्हा बांधत होते. गाठ नीट बसत नव्हती. "घरी बसून काय करू जी? रुखमाबाईच्या शिव्या खाऊ?" ते हसले. वसंताला हसता आलं नाही, तेव्हा तेही थांबले. "अंदाजानं आकडा सांगता आला असता, साहेब. साठ म्हनलं असतं तं कोनाले पत्ता नसता लागला. पन जेवढी पावलं पडली तेवढीच सांगतली. एकबी पट्टा सोडला नाही."

मोठ्या साहेबांनी चूक कशी झाली ते लेखी मागितलं. वसंताने तीन ओळी लिहिल्या. पावलाने मोजणाऱ्या खलाशाचा पाय अधू असल्याने आकडे चुकले. परीक्षा न घेतल्याची चौथी ओळ त्याच्या डोक्यात तयार होती. ती कागदावर उतरली नाही. चंपतरावांनी कागद वाचून दाखवायलाही सांगितलं नाही. अंगठा उठवला, बोट पँटला पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या खलाश्याले वाट मी सांगतो जी. नवा मानूस चुकते तिकडं."

त्या हंगामाची मोजणी रद्द झाली. चंपतरावांना नागपुरात दगडांच्या नमुन्यांच्या खोलीत स्टूल मिळालं. १९७४ च्या मार्चात ते निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात गावी काविळीने गेले. वसंताला कळलं तेव्हा तेरावं होऊन तीन आठवडे झाले होते.