दिवाळ्याची आकाशी फियाट

कळंबोलीला एसटीतून उतरलो तेव्हा समोर लोखंडी सळयांनी लादलेल्या ट्रकांची रांग लागली होती. कराडपासून गप्प असलेला मामा तिथे पहिल्यांदा बोलला, "ऋतू, अजून इचार कर. परतीची गाडी मिळंल."

मला नोकरी लागून वर्ष झालं होतं, लायसन्स त्याहून नवं. घरच्यांच्या मते मी एखादी छोटी, नवी गाडी घ्यायला हवी होती. मी मात्र इंटरनेटवर फोटो पाहून माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका आकाशी फियाटच्या प्रेमात पडले होते. व्यवहार फोनवरच ठरला होता. मामा गावाकडे जीप चालवतो, म्हणून फियाट कराडपर्यंत आणायला तो आला होता; जमलं तर वाटेत माझं मन वळवायलाही.

रिक्षाने बेलापूरला पोहोचलो. सोसायटीच्या फाटकावर गाडी विकणारे दामूकाका वाट पाहत होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शर्टाची इस्त्री अजून कडक. त्यांनी आम्हाला पार्किंगमध्ये नेलं. "हीच," असं म्हणून ते थबकले.

गाडीवरचं कव्हर निघालेलं होतं आणि स्टीअरिंगमागे एक साठीच्या बाई बसल्या होत्या. अंबाड्यात अबोलीचा गजरा, दोन्ही हात चाकावर.

"गारी (गाडी) विकायची नाय," त्या म्हणाल्या.

काकांनी ही गोष्ट बायकोपासून लपवली होती, हे उघड होतं.

"मथुरा, उतर. पाहुणे लांबून आलेत."

"मला इचारलास? गारी माझी हाय. तुला तर चालवताबी येत नाय."

ते खरं होतं. मथुराबाईंचं माहेर जवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्याचं. पहाटे धक्क्यावरून म्हावरा (मासळी) उचलायचा आणि बाजारात पोहोचवायचा, हा धंदा त्यांनी याच गाडीतून केला होता. काका जन्मभर शेजारच्या सीटवर बसले होते.

मथुराबाईंनी मामाकडे पाहिलं. "तुमी घेनार?"

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बाजूला सरकल्या. "बस. कशी चालवतेस बघू. मंग ठरवीन."

"तू चालवायची नाहीस हं, मथुरा," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"नाय चालवत."

मामा कागद बघायला काकांबरोबर वर गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा फियाट सुरू केली. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच. पुढची सीट बाकासारखी सलग, मध्ये काही नाही. फाटकातच गाडी बंद पडली. मागून रिक्षावाला ओरडला. "त्याला वरडू दे," मथुराबाई म्हणाल्या, "तू क्लच सावकास सोर." मेट्रोच्या पुलाखालून, कचेऱ्यांसमोरच्या वकिलांच्या गर्दीतून आम्ही निघालो. चौकात मी चुकीचा गिअर टाकला, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तो सोडवला. ओरडल्या मात्र नाहीत.

दिवाळ्याला ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. मथुराबाई उतरताच चारी बाजूंनी "मथुरे, मथुरे" सुरू झालं. त्यांनी निवट्या (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) घेतल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आईला सांग, कोकम घालून कर." मग गाडीच्या टपावर हात ठेवून त्या खाडीकडे बघत राहिल्या.

"चांगली चालवतेस. नेशील तू गारी," त्या म्हणाल्या. "पन एकदा मला दे. ह्या नाक्यापर्यंत."

मला काकांचं बोलणं आठवलं. पण स्वतः चालवू न शकणाऱ्या नवऱ्याची ती रोजची कुरकुर असेल, असं वाटलं. मी चावी दिली.

काय चालवत होत्या त्या! एका हाताने, बोलत बोलत, त्या अरुंद रस्त्यावर एकही धक्का न देता. त्यांच्या लग्नाच्या वरातीची गंमत सांगत होत्या आणि वाक्याच्या मधेच थांबल्या. आठवत असतील, म्हणून मी हसत त्यांच्याकडे पाहिलं.

डोळे उघडे होते, पण ते काही पाहत नव्हते. ओठ किंचित हलत होते. गाडी हळूहळू डावीकडे चालली होती आणि समोर रस्त्याच्या कडेला दोन बायका सुकट निवडत बसल्या होत्या.

"मथुराबाई!" मी किंचाळले. काही नाही. सीटवरून सरकून मी त्यांना अक्षरशः चिकटले, चाक उजवीकडे ओढलं आणि माझा पाय आडवा घालून ब्रेक दाबला. मधे गिअरचा दांडा असता, तर मी पोहोचलेच नसते. गाडी गचके खात थांबली. सुकटीची पाटी चाकाखाली गेली. बायका वाचल्या.

"डोले फुटले काय गो?" एक ओरडत उठली. आत कोण आहे ते दिसलं, तशी गप्प झाली.

मथुराबाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या. "...आन् घोरा काय पुढं जाईना," त्या म्हणाल्या. वरातीची गोष्ट पुढे चालू होती. मग माझा पाय दिसला, काचेपलीकडचे चेहरे दिसले.

"काय झाला?"

मी सगळं सांगितलं.

"नवरा बोलायचा," त्या म्हणाल्या. "तू मधीच हरवतेस, डॉक्टरकडं चल. मला वाटायचा, खोटा बोलतो. मला कसा कलनार गो? मला तर काय हरवलाच नाय."

खाली उतरून त्यांनी त्या दोघींचे हात धरले. मग त्या दुसऱ्या बाजूने येऊन बसल्या. "चालव," म्हणाल्या.

पहिल्या गिअरमध्येच मी बेलापूर गाठलं. काका खाली येऊन उभे होते. मथुराबाई त्यांच्यासमोर गेल्या. "कागद दे पोरीला. आन् उद्या डॉक्टरकडं जाऊ." काकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना सगळं कळलं. त्यांनी कागदांची पिशवी माझ्या हातात दिली.

परतीला मामाच चालवत होता. घाटात वारा भरभर आत येत होता, इंजीन विनातक्रार चढत होतं आणि मामाला गाडी आवडली होती. दिवाळ्याला काय घडलं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. माझ्यासमोरून तो उघड्या डोळ्यांचा, रिकामा चेहरा हलत नव्हता. गाडी जुनी आहे, दगा देईल, असं सगळे मला बजावत होते. माणसाचं स्वतःचं डोकं असा दगा देतं आणि त्याला पत्ताही लागू देत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कराडला आईने गाडीला ओवाळलं. "बाई चालवायच्या म्हणतेस? मग विकली का गं?"

तेव्हा कुठे मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगितलं. मामा दाराशी ऐकत होता. त्याने चावी आणून माझ्यासमोर ठेवली.

"उद्या सकाळी तू काढ गाडी," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो."