आईच्या कॅसेटची कोरी बाजू

आमच्या पहिल्या रेकॉर्डबद्दल एका छोट्या संगीत-मासिकात चार ओळी आल्या होत्या. आवाज इतका कच्चा की कान खरचटतात, असं काहीतरी. बँडमधले बाकीचे तिघे महिनाभर हवेत होते, मीही होते. त्या कच्चेपणात कला वगैरे काही नव्हती. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घराचं गॅरेज, ओलसर भिंतीवर ठोकलेला जुना गालिचा, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीझर आणि माझा घसा, एवढंच भांडवल. मी गायचे, म्हणजे ओरडायचे. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि घरात ओरडायला तेवढी एकच जागा होती.

आईला दमा होता. बाबा छातीचे डॉक्टर. ती गेली तेव्हा ते हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या छात्या तपासत होते आणि मी कॉलेजात होते. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. बाबा कामावरून यायचे, भात लावायचे, कालचीच आमटी गरम करायचे आणि आम्ही बातम्यांसमोर बसून जेवायचो. मला त्यांचा भयंकर राग यायचा. ते रडत नाहीत याचा, आणि भात रोज गिचका होतो याचाही.

पुण्याला माझी मावशी होती. पत्र लिहायचा दोघी बहिणींना कंटाळा, म्हणून त्या कॅसेटवर बोलायच्या. एका बाजूवर आईने बोलायचं आणि दुसरी बाजू कोरी ठेवून कॅसेट पाठवायची. मावशीने कोऱ्या बाजूवर उत्तर भरून तीच कॅसेट परत पाठवायची. इथल्या ओळखीच्या बऱ्याच घरांत ही पद्धत होती. आईची शेवटची कॅसेट पोस्टात पडायची राहून गेली. बाबांनी ती टेबलाच्या खणात पासपोर्टांशेजारी ठेवली होती.

आमचं रेकॉर्डिंग एका रविवारी होतं. गिटारवाल्याने कुणाकडून तरी चार ट्रॅकचं मशीन मागून आणलं होतं. त्यात साधीच कॅसेट लागायची, पण चार माइकांचे आवाज एकदम वेगवेगळे धरता यायचे. दुपारी मशीनने आमची एकुलती एक टेप चघळून टाकली. रविवारी तेव्हा दुकानं बंद असायची आणि मशीन सोमवारी सकाळी परत द्यायचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घर माझं. आमच्या भजनांच्या कॅसेटी गिटारवाल्याने बघून बाजूला ठेवल्या, त्याला चांगल्या प्रतीची टेप हवी होती. तशी घरात एकच होती. मावशीला स्वच्छ ऐकू यावं म्हणून आईसाठी बाबा मुद्दाम चांगल्या आणायचे.

मी खण उघडला. बेफिकिरीने नाही उघडला, एवढं तरी कुणी मान्य करावं. पहिल्या बाजूच्या लेबलावर आईचं अक्षर होतं, दुसरीवर काही नव्हतं. कोरी बाजू उत्तरासाठी असते हे मला लहानपणापासून माहीत. मावशीपर्यंत कॅसेट पोचलीच नव्हती, मग उत्तर मी देते, असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं. टेप संपेपर्यंत आम्ही न थांबता वाजवलं आणि मी जे काही ओरडले ते सगळं तिला होतं. एकेक खण उघडून इनहेलर शोधत का राहिलीस, सरळ ॲम्ब्युलन्स का नाही बोलावलीस. शब्द कुणालाच कळले नाहीत. आमची ड्रमवाली म्हणाली की तू असं कधीच गायली नव्हतीस.

आठवड्याभरात गिटारवाल्याने कॉपी करून मूळ कॅसेट मला परत दिली आणि मी ती जागच्या जागी ठेवून दिली.

जानेवारीत रेकॉर्ड निघाली. फेब्रुवारीत आईचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या शनिवारी बाबा म्हणाले की कॅसेट आता मावशीला पाठवू, पण त्याआधी आपण एकदा ऐकू. त्यांनी चहा केला, मला शेजारी बसवलं आणि पहिली बाजू लावली.

आधी घुं घुं आवाज आला, मग काहीतरी संथ, उलटं, जड सामान फरशीवरून ओढल्यासारखं. बाबांनी कॅसेट काढली, रुमालाने पुसली, परत लावली. मी टेप पुढे पळवून पाहिली. शेवटपर्यंत तेच. मी गिटारवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला की त्या मशीनला टेपची पूर्ण रुंदी लागते, दोन्ही बाजू एकदमच पुसल्या जातात आणि पहिल्या बाजूला आपलंच वाजवणं उलटं ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या घरी कॅसेटवर कुणी पत्रं पाठवत नव्हतं.

मी बाबांना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी ती ऐकलीच नव्हती गं," ते म्हणाले. "रोज वाटायचं, टुमॉरो. घाई काय आहे."

चहा तसाच राहिला. शेवटी त्यांनी आमची रेकॉर्ड लावायला सांगितली. तोवर त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते खाली जमिनीवर बसले आणि पेशंटला तपासावं तसा त्यांनी स्पीकरला कान लावला. दोन गाणी त्यांनी हूं की चूं न करता ऐकली. तिसऱ्याच्या आधी त्यांनी हात वर केला.

"परत लाव. जस्ट बिफोर द ड्रम्स."

मी परत लावलं. ड्रमच्या आधी कुणीतरी श्वास आत घेतं आणि शेवटाला दमेकऱ्याची वाजावी तशी बारीक शिटी वाजते.

"ही ती आहे," बाबा म्हणाले. "दॅट्स हर व्हीझ. वीस वर्षं ऐकलीय मी."

तो श्वास माझा होता. त्या दिवशी गॅरेजमध्ये गारठा होता आणि माइकला तोंड लावून मीच उभी होते. माझी छाती थंडीत अशीच वाजते. बाबांनी ती कितीदा तरी तपासली होती, त्यांना हे कळत नसेल असं होऊच शकत नाही.

"हो बाबा," मी म्हटलं. "आईच आहे."

त्यांनी सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवली आणि डोळे मिटले. मी त्यांच्या मागे श्वास रोखून बसले, त्यांना माझा ऐकू जाऊ नये म्हणून.