शिळं पाणी

आत्याच्या नाकाबद्दल घरात कुणी चांगलं बोलत नसे. दूध नासायच्या आदल्या दिवशीच तिला कळे, आणि कळलं की ती गप्प बसत नसे. "हिच्या शेजारी उभं राहून स्वयंपाक करणं म्हणजे रोजची परीक्षा," असं वहिनी म्हणायची. ते नाक आत्याने एका लॉन्ड्रीत एकोणतीस वर्षं साबण, सोडा आणि परक्यांचा घाम हुंगून कमावलं होतं. लॉन्ड्री बंद पडली तेव्हा मालकाने तिला निरोपादाखल एनॅमलचे सहा पसरट टब दिले. पन्नाशी उलटलेली बाई सहा टब घेऊन भावाच्या मागच्या खोलीत राहायला आली. भाचरं तिला आत्या म्हणत, म्हणून मग सगळी गल्लीच म्हणू लागली.

भावाची, म्हणजे दादांची, तलावाच्या वाटेवर पत्र्याची शेड होती. गळ टाकायला येणाऱ्यांना तिथे जिवंत आमिष मिळे. ओल्या कागदाच्या चिंध्या भरलेल्या खोक्यांत गांडुळं असत आणि चार सिमेंटच्या हौदांत बोटाएवढे मासे. गेल्या वर्षी दादांचा उजवा हात लुळा पडला आणि शेड आत्याच्या हाती आली. पण तात्पुरती! हा शब्द दादा रोज एकदा तरी म्हणत. शेजारच्या हार्डवेअरवाल्याला ती जागा पाइप ठेवायला हवी होती आणि दादांचं मन तिकडे झुकलं होतं. बाईमाणसाला काय जमणार, हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मोठ्याने म्हणायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

आत्याला ती शेड हवी होती. आयुष्यभर ती कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी दुकानात राबली होती. एक दार तरी आपण सकाळी उघडावं आणि आपणच संध्याकाळी लावावं, एवढंच तिचं मागणं. शेवटी दादा म्हणाले, "गळवाल्यांच्या क्लबची स्पर्धा आहे ना? त्यांना आठशे मासे लागतात. रविवारी सकाळी आठशे जिवंत दाखव, शेड तुझी. नाहीतर सोमवारी मी हार्डवेअरवाल्याला हो म्हणतो."

आठशे! दादांनी स्वतः कधी सहाशेच्या वर नेले नव्हते.

आत्या कामाला लागली. कोरड्या हाताने माशाला शिवायचं नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तो दोन दिवसांत जातो, हे तिला दादांनी शिकवलं होतं. लॉन्ड्रीतल्या बाईचे हात कोरडे होते कधी! बाकीचं ती बघून बघून शिकली. पोटभर खाल्लेला मासा पाणी घाण करतो, म्हणून विकायच्या आधी एक दिवस उपास. खोल हौदापेक्षा पसरट टबात मासे जास्त तरतरीत राहतात, कारण हवा पाण्यात वरूनच शिरते. तिने आपले सहाही टब शेडमध्ये मांडले तेव्हा दादा हसले होते. "मासे धुऊन इस्त्रीही करणार का?"

आणि तिने आणखी एक गोष्ट बघितली होती. हौदातले मासे मरत ते रविवारी. सोमवारी नाही, बुधवारी नाही, बरोबर रविवारी. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "रविवारी गिऱ्हाईक जास्त, पाणी ढवळतं. तेवढे मरायचेच." पण दादांच्या वेळेपासून दर शनिवारी हौदात नळाचं ताजं पाणी भरायची पद्धत होती. आत्याला लॉन्ड्री आठवली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की मालक रंगीत कपडे भिजवू देत नसे. पाणी दोन दिवस उघड्या टबात ठेवायचं, वास उडाला की मग कपडे. जे पाणी साडीचा रंग खातं, ते माशाला सोडेल होय? तिने मुकाट्याने दोन पिंपं भरून उघडी ठेवायला सुरुवात केली.

स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी रस्त्यातली पाण्याची लाइन फुटली. ती सांधल्यावर कुणीतरी हात सैल सोडून पाण्यात औषध ओतलं असणार, कारण शनिवारी सकाळी चूळ भरतानाच आत्याच्या नाकाला झिणझिण्या आल्या. ती तशीच शेडकडे धावली. सगळ्यात आधी तिने नळ घट्ट पिळला. हौदांत आणि टबांत मिळून आठशे दहा मासे होते आणि एकही उताणा नव्हता.

दहाच्या सुमारास दादा काठी टेकत आले. हौदात वाकून बघितलं. "पाणी हिरवट झालंय. आज शनिवार, बदललं का नाहीस?"

"आज नळाचं पाणी नको, दादा. वास मारतंय."

"मला तर नाही येत."

"तुला कधी आलाय?"

दादांची नजर पिंपांकडे गेली. "आणि हे शिळं पाणी साठवलंयस? डास पाळणार आहेस का? बत्तीस वर्षं मी ताज्या पाण्यावर मासे जगवलेत. तुझं हे नाकाने कांदे सोलणं घरी ठेव."

मोठ्या भावापुढे आत्याने आजवर ब्र काढला नव्हता. त्या दिवशी तिने काढला. "नळ उघडू नकोस," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. पण दादांनी डाव्या हाताने कोपऱ्यातल्या हौदाचा नळ सोडलाच. हट्टी माणसाचा एक हात लुळा पडला तर दुसऱ्यात दुप्पट जोर येतो.

त्या हौदात शंभर मासे होते. थोड्याच वेळात ते सगळे वर आले आणि पाण्याबाहेर तोंड काढून आ वासू लागले. दादांचा चेहरा उजळला. "बघ! ताज्या पाण्याने भूक कशी खुलली!" आणि त्यांनी मूठभर खाद्य आत फेकलं.

"भूक नाही ती! श्वास कोंडलाय त्यांचा!" आत्याने दादांना चक्क कोपराने बाजूला सारलं, हात भिजवले आणि जाळीने मासे उचलून पिंपात टाकायला लागली. वीस वाचले. बाकीचे ऐंशी डोळ्यांदेखत आडवे झाले. खाद्य तसंच वर तरंगत राहिलं. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होते. मग काठी टेकत निघून गेले.

आत्याला संताप आला, रडूही आलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. पत्रा तापला होता. तिने पत्र्यावर ओली पोती पसरली, पिंपातलं पाणी थोडं थोडं टबांत घातलं आणि मगने पाणी उंचावरून परत परत ओतत राहिली, म्हणजे धारेबरोबर हवा आत जाते. हा टब झाला की तो. दुपारी वहिनी बर्फाच्या घट्ट बुचाच्या बाटल्या घेऊन आली. "सगळा फ्रीज रिकामा केलाय. सोड या टबांत. आणि घरी ते तोंड पाडून बसलेत, विचारलं तर सांगत नाहीत." संध्याकाळपर्यंत आत्याचे खांदे भरून आले, पण आणखी एकही मासा गेला नाही. सातशे तीस. सत्तर कमी.

रविवारी फटफटायच्या आत ती ओढ्यावर पोचली. मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा गळा कापून उलटा आत बसवलेला, तळाला पावाचा चुरा. अशा दहा बाटल्या तिने उथळ पाण्यात दगडाखाली दाबल्या, तोंड प्रवाह जातो त्या दिशेला. मासा वासामागे प्रवाहाच्या उलट चढतो, आणि आत शिरला की त्याला बाहेरची वाट सापडत नाही. बऱ्याच माणसांचंही तसंच असतं. उजाडेपर्यंत शंभराच्या वर सापडले. नखाएवढे तिने परत सोडले, बाकीचे ऐंशीएक डब्यात घेऊन ती शेडवर आली. ओढ्याचं पाणी गार, टबाचं कोमट. तिने घाई केली नाही. टबातलं पाणी एकेक मगभर डब्यात घालत, माशांना त्याची सवय करून देत मगच त्यांना आत सोडलं.

सात वाजता क्लबचा सेक्रेटरी आला. या गृहस्थांनी मासे किती पकडले ते देवाला ठाऊक, पण माशांबरोबर फोटो मात्र शेकड्यांनी काढले होते. "आठशे आहेत का? मी मोजून घेणार," ते म्हणाले आणि एका टबावर वाकले. साठपर्यंत गेले, चुकले, परत सुरू केलं. नव्वदला पुन्हा चुकले.

"अहो, हे एका जागी थांबत का नाहीत?"

"जिवंत आहेत म्हणून," आत्या म्हणाली.

मागे रांगेत उभे असलेले गळवाले खो खो हसले. एकाने ओरडून सांगितलं, "साहेब, मेलेले मोजायची सवय झालीय तुम्हाला!" सेक्रेटरींनी मोजणं सोडलं आणि बाहेर जाऊन शेडसमोर फोटो काढून घेतला. आत्या जाळीने मासे काढून देत होती, दहा दहा, न मोजता बरोबर दहा. डबा हातात घेतला की प्रत्येकजण आत बघे आणि म्हणे, "काय तरतरीत आहेत हो!" हे ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. लॉन्ड्रीत शर्ट पांढराशुभ्र निघाला तर कुणी आत येऊन सांगत नसे. तिला आत कुठेतरी ढोल वाजल्यासारखं झालं.

रांग सरकत होती. अचानक मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, दादा! तुम्ही रांगेत? पुढे या ना, दुकान तुमचंच!"

आत्याने मान वर केली. रांगेच्या शेवटी दादा उभे होते. डाव्या हातात पत्र्याचा डबा, काखेत काठी. हात गेल्यापासून त्यांनी गळाला हात लावला नव्हता.

"दुकान हिचं आहे," दादा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा नंबर आला की घेईन मी."

आत्याचा हात पाण्यातच राहिला. मग समोरच्या माणसाने डबा पुढे केला आणि तिने त्याचे दहा काढून दिले. दादांच्या पुढे अजून चौदा माणसं होती. तिने एकालाही घाईने उरकलं नाही.