श्रावणात कांदा कुठून आला?

आधीच सांगून ठेवते – मी आर्वीला शाळेत विज्ञान शिकवते. भुतंखेतं, चमत्कार... कोणी सुरू केलं की मी उठून जाते. म्हणूनच हे लिहिताना जास्त चिडचिड होतेय.

माझ्या दादाचं वर्ध्यात कापडाचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून त्याची कंबर आखडते. जवळच्या जिममध्ये ड्राय सॉना सुरू झाला – लाकडी खोली, कोपऱ्यात तापलेले दगड, कोरडी गरम हवा. त्याला खरंच फरक पडला. अंग मोकळं झालं, झोप लागायला लागली. माझी तक्रार सॉनाबद्दल नव्हतीच. पण त्याला बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं – थोडाच वेळ बसा, आधी-नंतर पाणी प्या, उपाशीपोटी जाऊ नका, बाहेर कोणीतरी असू द्या. मी हे फोनवर इतक्यांदा ऐकवलं की माझा आवाज आला की तो फोन वहिनीच्या हातात द्यायचा.

आणि या शहाण्यानं काय करावं? श्रावणी सोमवारी, निर्जळी उपासात, एकटाच आत जाऊन बसला. उपासाच्या दिवशी घाम गाळला की शरीर जास्त शुद्ध होतं म्हणे!

मी तेव्हा वर्ध्याला येणाऱ्या एसटीत होते. अचानक माझ्या हातांना कांद्याचा उग्र वास यायला लागला. आमच्याकडे श्रावणात कांदा घरात येत नाही, त्यातून माझाही उपास. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला, म्हणजे भास नव्हता. तेवढ्यात वहिनीचा फोन आला – दादाला सॉनात चक्कर आली, आता बरा आहे.

मी थेट जिममध्ये गेले. दादा सॉनाबाहेरच्या बाकावर लिंबूपाणी पीत होता. जिमवाला म्हणाला, मी आलो तेव्हा हे इथंच आडवे होते, जवळ कोणी नव्हतं. दादाचे तळपाय चिकट होते. ऊन लागलं की आमच्याकडे कांदा चोळतात, तसे... आणि तोच वास.

"तूच तं दरवाजा उघडला," दादा म्हणाला. "हात धरून बाहेर आनलं, पायाले कांदा चोळला. आता काऊन नाई म्हनून राह्यली?"

मी एसटीचं तिकीट दाखवलं. त्यानं बघितलंही नाही. जिमवाल्याला खोदून खोदून विचारलं, तो खांदे उडवत राहिला. वहिनीनं तर माझीच दृष्ट काढली. मी न केलेल्या कामाबद्दल सगळं घर माझे आभार मानतंय, आणि खरं सांगितलं तर म्हणतात, किती साधी आहे बिचारी.

माझ्याकडे आजही याचं उत्तर नाही. तेही चाललं असतं. पण दादा पुढच्या सोमवारी पुन्हा तसाच, पाण्याचा थेंब न पिता निघाला. मी फोनवर अक्षरशः ओरडले.

"कायले घाबरतं?" तो हसला. "तू येशीन ना."

आता सांगा, त्याला कसं समजावू? त्या दिवशी जी आली ती मी नव्हते. आणि ती पुन्हा येईल की नाही, हे मला कसं कळणार?