गुळातला दात

ढोकीच्या लिंबाजीला दात काढायची बंदी होती, आणि ती कोर्टाची नव्हे, त्याच्या स्वतःच्याच वकीलबाईंची.

झालं असं, की शिवप्पांच्या गुऱ्हाळातून पाण्याची मोटर चोरीला गेली. चोर मोठा निवांत गडी असावा. जाताना गुळाचा खडा चावून तिथंच टाकून गेला. पोलिसांनी खडा उचलला आणि शिवप्पांशी बांधावरून भांडण असलेल्या लिंबाजीच्या दातांचा ठसा घेतला. तज्ज्ञ म्हणाले, तंतोतंत जुळतो. खालच्या कोर्टानं मान डोलावली आणि वर्षाची शिक्षा ठोठावली. अपील झालं, जामीनही मिळाला, पण 'चोर' ही पदवी काही सुटेना. लिंबाजी कुणाकडं चहाला टेकला की लोक हसत हसत गुळाचा डबा झाकायचे. तोही हसायचा, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा. फार लागायचं त्याला ते.

अपिलाला हर्षाली वकील उभ्या राहिल्या. "काका, पुन्हा ठसा घ्यायची वेळ येईल. निकालापर्यंत एकही दात काढायचा नाही." नेमका तेव्हाच पुढचा दात हलायला लागला. लिंबाजी शिंक आली तरी तोंड दाबून धरायचा, भाकरी दुधात कुस्करून खायचा.

"लेकरागत जपतायत दाताला," त्याची बायको हरणाबाई शेजारणींना सांगायची. "माझं गुडघं कधी इचारलं न्हाईत."

धाराशिवच्या कोर्टात हर्षाली म्हणाल्या, "साहेब, चाव्याच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, याला शास्त्राचा आधार उरलेला नाही. त्यात हा गूळ ऐन उन्हाळ्यात ठाण्यात पडून पाघळला. तज्ज्ञ स्वतःच सांगतात, मुंग्या झटकून मग ठसा पाहिला. मग यात माणसाचे दात किती आणि मुंग्यांचे किती?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. निकालात लिंबाजी निर्दोष सुटला.

संध्याकाळी शिवप्पा स्वतः गुळाचा मोठा खडा घेऊन दारात आले. मागं अर्धी गल्ली होती. "लिंबाजी, चुकलं माझं. तोंड गोड कर."

लिंबाजीचे डोळे भरून आले. सगळ्यांदेखत त्यानं करकचून चावा घेतला. कट्‌कन आवाज झाला आणि दात गुळातच राहिला.

त्यानं तो खडा शिवप्पांच्या हातावर ठेवला.

"जपून ठिवा, आप्पा," तो दात पडलेल्या फटीतून म्हणाला. "ह्यो मातर माझाच हाय."