आत्याबाईंची रसद

देशाचं संरक्षण तिन्ही दलं करतात, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या बायकोच्या आत्याबाईंच्या मते ते पिठाच्या डब्यावर चालतं. गुडघ्याच्या उपचारासाठी त्या साताऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे दिल्लीत मयूर विहारला आल्या आणि त्याच आठवड्यात सीमेवर तोफा धडधडू लागल्या. त्यांचा एकुलता एक फौजी नातू तिकडेच होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. आम्ही टीव्हीसमोर बसून युद्ध लढत होतो. आत्याबाईंनी दुखरा गुडघा विसरून परात पुढे ओढली.

दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी! बांगलादेशच्या लढाईत त्यांच्या गावच्या बायका हीच शिदोरी घेऊन रोज स्टेशनवर जायच्या आणि जवानांची गाडी थांबली की खिडक्याखिडक्यांतून द्यायच्या. घरोघरचे नवरे आघाडीवर गेलेले, आत्याबाईंचेही. "आपन हितं दुसऱ्याच्या मानसाला घातलं, की तिकडं कुनी बाई आपल्याच्या हातावर ठेवती," हा त्या व्यवहाराचा एकमेव नियम. सैन्याला स्वतःचं स्वयंपाकघर असतं, हे मी त्यांना समजावून पाहिलं. "असंल की, जावईबापू. पन त्ये पिठात दूध घालत्यात का?" त्यांनी विचारलं. यावर संरक्षण मंत्रालयाकडेही उत्तर नसावं.

अडचण एवढीच, की मयूर विहारातून जवानांची गाडी जात नाही. मग आत्याबाईंनी वर्दीची व्याख्या सैल केली. पहिला मान सोसायटीच्या गार्डचा. नंतर मेट्रोवर सामान तपासणाऱ्या शिपायाचा. "अम्माजी, पहले मशीन में डालिए," असं तो दरडावून म्हणाला, आणि मशीनमधून बाहेर आलेलं गाठोडं त्याच्याच पुढ्यात सुटलं. एकदा तर वरातीतल्या बँडवाल्याच्या खांद्यावरच्या सोनेरी झालरी पाहून "ह्यो मोठा सायेब दिसतुया" म्हणत त्यांनी त्याला चार दशम्या दिल्या. तो बिचारा भोंगा काखोटीला मारून तिथेच खायला लागला आणि घोड्यावरचा नवरदेव ताटकळला. गाठोडं वाहायला अर्थात मी.

"आत्याबाई, तो बाजा वाजवतो हो!"

"वाजवू द्या. कुनाचा तरी ल्योक हाय न्हवं?"

अखेर तोफा थांबल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नातवाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बरा हाय मी, आज्जी. पन हितल्या गावच्या बायका लई तरास देत्यात. जाईल तितं पराठं. पोट बिघडलं माजं!"

"माज्याच जरा जास्ती झाल्या," आत्याबाई गंभीरपणे म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या, आणि फोन ठेवल्यावर डोळ्यांना पदर लावून बसून राहिल्या. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तवा बी रोज जात हुते गं मी टेसनावर," त्या म्हणाल्या. "ह्यांना कुनी घातलं का न्हाई, तेवढं सांगाया मातुर हे आलंच न्हाईत."

दुपारच्या पाळीचा गार्ड फाटकावर आलेला दिसत होता. लढाई संपली होती तरी मी आपण होऊन गाठोडं उचललं आणि जिना उतरलो.