स्क्रीनवर उघडं राहिलेलं कार्ड

दातांच्या त्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे चिठ्ठीताई म्हणत. संगणक येण्याआधी पुढची तारीख त्या हाताने चिठ्ठीवर लिहून देत आणि वर बजावत, "चिठ्ठी हरवली तर दात दुखतो म्हणून मला फोन करायचा नाही." सोळा वर्षं त्या तिथे होत्या. माणसाचं नाव विसरायच्या, पण त्याची कुठली दाढ काढली ते नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, की त्यांची नजर आधी त्याच्या तोंडात जायची.

संगणक आला तो पासवर्ड घेऊनच. पाच मिनिटं हात लावला नाही की पडदा काळा, आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करा. इकडे फोन वाजतोय, तिकडे आतून डॉक्टरबाई हाक मारतायत, "ताई, जरा नळी धरा." नळी धरायची, हातमोजे काढायचे, बाहेर यायचं, की पडदा काळाच. घाईत एखादं अक्षर चुकायचं आणि समोरचे पेशंट गाल धरून बघत बसायचे.

"एवढ्या वेळा मी नवऱ्यालासुद्धा हाक मारत नाही," त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. "काढून टाका ही कटकट."

दुरुस्तीवाला पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने काम केलं, पण म्हणाला, "आता सुरू केला की आपोआप उघडेल, मधे काही विचारणार नाही. पण ताई, दार सताड उघडं राहील."

"अहो, मी दिवसभर इथेच असते. मला ओलांडून कोण येतंय?"

दोन वर्षं कुणी आलंही नाही.

तिसऱ्या वर्षी एक नवी पेशंट आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. बरोबर सात वर्षांची मुलगी. कार्ड भरताना पत्त्याच्या रकान्याशी ती अडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझा पत्ता कुणाला सांगू नका. कुणीही आलं तरी. भाऊ आहे म्हणाला, नवरा आहे म्हणाला, तरी नाही." ती बोलत होती तेव्हा मुलगी दाराकडे बघत होती. चिठ्ठीताईंनी जास्त काही विचारलं नाही. कार्डावर लाल अक्षरांत टाकलं : पत्ता कुणालाही देऊ नये.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, नरम आवाज. गाल धरून बसला. "घाई नाही ताई, थांबतो मी." बसायच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेवढ्यात आत एका म्हाताऱ्या गृहस्थांची दाढ काढताना तुटली, रक्त थांबेना, आणि डॉक्टरबाईंनी जोरात हाक मारली. ताई धावल्या.

सात-आठ मिनिटांनी हात पुसत बाहेर आल्या, तर खोली रिकामी. 'कंटाळून गेला वाटतं,' असं म्हणत त्या खुर्चीवर बसल्या आणि चटकन उठल्या. खुर्ची कोमट होती.

पडद्यावर कार्ड उघडं होतं. त्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईचं. ताईंनी सकाळपासून ते उघडलं नव्हतं. शोधायच्या चौकटीत तिचं आडनाव होतं, पण तिने लिहून दिलेलं नव्हे. आधीचं, सासरचं. त्यावरून सापडलं नाही म्हणून त्याने खालच्या चौकटीत नुसतं नाव टाकून शोधलेलं दिसत होतं. पत्ता, मजला, फोन, आणि त्याच्यावर ती लाल ओळ. ती ओळही त्याने वाचली असणार.

मग ताईंनी जे केलं, ते पुढे त्यांनीच सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर कुणाला कळलं नसतं. त्यांनी कार्ड बंद केलं. चौकटी पुसून टाकल्या. कुणी बघितलंय? कुणीच नाही. पुढचा पेशंट आला, त्याला त्यांनी गेल्या महिन्यातली तारीख दिली. तो हसला. ताईंना हसताही येईना. वीस मिनिटं त्या तशाच बसून होत्या.

मग त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

त्या सरळ आत गेल्या. म्हाताऱ्यांच्या तोंडात कापूस होता, डॉक्टरबाईंच्या हातात चिमटा. ताई म्हणाल्या, "माझ्या हातून फार मोठी चूक झालीय," आणि एका दमात सगळं सांगितलं. कापूस चावत म्हातारेसुद्धा डोळे मोठे करून ऐकत राहिले.

"तुम्ही निघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोलिसांना मी फोन करते."

तो पत्ता रिक्षाने दहा मिनिटांवर होता. ती दहा मिनिटं सरता सरेनात. जिना, कडी, त्या मुलीचं दाराकडे बघणं, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. घर म्हणजे चार मजली इमारतीत वरची एक खोली. तळमजल्यावर तसबिरींना चौकटी करून देणाऱ्याचं दुकान. रिक्षातून पाय खाली टाकला आणि त्या थिजल्या. समोरच्या बाजूला, एका गाडीला टेकून तो उभा होता. गाल धरलेला नव्हता.

त्याने ओळखलं. मान हलवली आणि अगदी नरम आवाजात म्हणाला, "थांबलं हो ताई दुखायचं."

ताईंना वाटलं, इथेच बसकण मारावी. पण तो वर गेलेला नव्हता, म्हणजे ती घरी नव्हती. तो वाट बघत होता. ताई चौकटीवाल्याच्या दुकानात शिरल्या आणि काच बघायच्या निमित्ताने त्याच्याशी कुजबुजल्या. चौकटीवाल्याने हातातला खिळा खाली ठेवला. "त्यांचं चष्म्याचं दुकान मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर. माझ्या मागच्या दाराने जा. ह्याच्यावर मी लक्ष ठेवतो."

चष्म्याच्या दुकानात ती यंत्राशी बसली होती. त्या घरघरीत फोन ऐकूच आला नव्हता. ताईंना बघून तिने यंत्र बंद केलं आणि चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"कधी?" एवढंच तिने विचारलं.

"अकरा वाजता. मी आत गेले होते. संगणक उघडा होता. माझ्यामुळे झालं."

तिने घड्याळ बघितलं. बारा वाजायला आले होते. ती रडली नाही, ओरडली नाही. मालकाला दोन वाक्यं सांगितली, पिशवी उचलली आणि शाळेच्या वाटेला लागली. ताई मागून. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत ताईंनी किती वेळा मागे वळून बघितलं त्याची गणती नाही. मुलगी वर्गातून बाहेर आली. आईने तिचा हात धरला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलीने का म्हणून विचारलं नाही. दप्तर पाठीला घट्ट केलं, बस्स.

तिघी तिथून थेट पोलीस चौकीवर गेल्या. डॉक्टरबाईंचा फोन तिथे आधीच आला होता, पण 'अजून काही घडलंय का?' असं विचारून चौकीवरच्यांनी तो ठेवून दिला होता. दुपारी ते घडलं. वाट बघून कंटाळलेला तो माणूस वर गेला, त्याने कुलूप तोडलं, आणि चौकटीवाल्याच्या फोनवरून शेवटी पोलीस आले तेव्हा तो रिकाम्या खोलीत मुलीच्या पलंगावर बसलेला सापडला. पुढे कोर्टाने त्याला तिच्या जवळपास फिरकायला मनाई केली.

त्या मायलेकी मात्र त्या खोलीत परत राहायला आल्याच नाहीत. त्याच संध्याकाळी कुठल्याशा मावशीकडे गेल्या. नोकरी सुटली, शाळा सुटली.

शनिवारी दुरुस्तीवाला आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दर मिनिटाला बंद होऊ दे! लांबलचक पासवर्ड लावा."

"तसं केलं तर आठवडाभरात तो कागदावर लिहून पडद्याला चिकटवाल," तो म्हणाला. "अशी पडद्यावरची चिठ्ठी मी रोज एक तरी बघतो." त्याने सकाळी सुरू करताना मोठा पासवर्ड ठेवला, मधे उघडायला छोटा आकडा. तीन मिनिटांनी आपोआप कुलूप, आणि उठताना दोन बटणं दाबली की लगेच. पत्ते त्याने काउंटरवरून काढलेच. ते आता डॉक्टरबाईंच्या पासवर्डने संगणक उघडला तरच दिसतात.

"हे आधीच सुचवायला हवं होतं मी," तो निघताना म्हणाला. पण 'काढून टाका' तर ताईंनीच म्हटलं होतं.

ताईंची भीती काही गेली नाही. आतून हाक आली की आधी दोन बटणं, मग काळ्या पडद्याकडे एकदा बघणं, मग धावणं. डॉक्टरबाई थांबतात. घरी आल्यावरही कडी लावली का ते त्या दोनदा बघतात, आणि जेवताना मधेच उठून तिसऱ्यांदा.

चार महिन्यांनी दवाखान्यात फोन आला. आवाज लगेच ओळखू आला. तिची दाढ अर्धवट राहिली होती, तिकडचे डॉक्टर दाढेचे जुने एक्स-रे फोटो मागत होते.

"पाठवते ना," ताई घाईघाईने म्हणाल्या. "पत्ता सांगा."

पलीकडे शांतता. ताईंना आपलेच शब्द ऐकू आले.

"मी कुणालातरी पाठवीन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

दोन दिवसांनी एक अनोळखी बाई आल्या. ताईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. नाव विचारलं नाही, कुठून आलात तेही नाही. त्या जिना उतरून दिसेनाशा होईपर्यंत ताई खिडकीशी उभ्या राहिल्या, त्यांच्यामागून कुणी जात नाही ना, ते बघत.